मोत्याची रोजकीर्द

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील ज्येष्ठ नागरिकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला विषय दिला होता ‘निवृत्तीनंतरचं आर्थिक नियोजन’. बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरा कोणता विषय देणार? पण खरं सांगतो, गेल्या वर्षभरात या सोसायटीत मला कुणी व्याजाचा दर विचारला नाही. सकाळी भेटणारा प्रत्येक जण एकच विचारतो, ‘‘काय साहेब, मोत्या अजून घरातच करतो काय?’’ म्हणून सचिवांची परवानगी घेऊन मी विषय बदलला. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी दोन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू घरात आणलं आणि त्याला बाहेर जाऊन करायला शिकवलं, त्याचा हा हिशेब आहे. यात जमा आहे तसा खर्चही आहे. दोन्ही सांगतो.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण नेरला इथे प्लॉट घेतले तेव्हा सगळीकडे काळी जमीन होती. बांधकामं सुरू झाली आणि राखणीला चार-सहा गावठी कुत्री आपोआप आली. आपण त्यांना शिळी भाकर घालत होतो. म्हणजे कुत्रं आपल्याला नवीन नाही. माझ्या वडिलांच्या वावरात कायम कुत्रं असायचं, पण ते शी कुठे करतं हा प्रश्न कधी कुणाला पडला नाही. वावर मोठं होतं. आता घर आठशे चौरस फुटांचं, फरशी गुळगुळीत आणि नवरा-बायको दोघांचेही गुडघे कुरकुरणारे. तिथे हाच प्रश्न सगळ्यात मोठा होऊन बसतो.

मोत्या आला तो मागच्या दसऱ्यानंतर. आमचा दूधवाला एक दिवस दुधाच्या कॅनसोबत थैलीत पिल्लू घेऊन उभा. म्हणाला, ‘‘साहेब, ठेवून घ्या न बाप्पा. याची माय यवतमाळ रोडवर ट्रकखाली आली. बाकीचे मेले, हा एकच राहिला.’’ मी नाहीच म्हणणार होतो. पण आमच्या सौ.नं तोवर वाटीत दूध ओतलं होतं. मुलगा पुण्यात, मुलगी नागपूरला. घरात दिवसभर टीव्हीशिवाय कुणाचा आवाज नाही. पिल्लू राहिलं.

पहिल्या पंधरा दिवसांत मी तीन चुका केल्या. त्या आधी सांगतो, म्हणजे तुम्हाला त्या करायची गरज पडणार नाही.

पहिली चूक, मी त्याला सगळं घर मोकळं सोडलं. पिल्लाला काय, देवघर आणि मोरी सारखीच. दुसरी चूक, डाग पडला की मी त्यावर फिनाईल ओतायचो. त्याचा वास आपल्याला स्वच्छ वाटतो. पण कुत्र्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण, त्याला खालचा जुना वास येतोच आणि तो पुन्हा तिथेच बसतो. शिवाय ओल्या फरशीवर चालून ते पाय चाटतं, आणि फिनाईल त्याच्या पोटात जाणं धोक्याचं असतं. तिसरी चूक सगळ्यात मोठी. त्यानं घरात केलं की मी पेपरची गुंडाळी करून त्याला मारायचो आणि त्याचं नाक तिथे नेऊन दाखवायचो. आपल्याकडे सगळे असंच सांगतात. मीही केलं.

एकदा त्यानं ताटातली पोळी पळवली. नामदेव महाराजांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. कुत्र्यानं पोळी पळवली तर महाराज तुपाची वाटी घेऊन मागे धावले, की बाबा, कोरडी खाऊ नकोस. मी चप्पल घेऊन धावलो.

मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाके सुरू झाले आणि मोत्या आमच्या पलंगाखाली जाऊन थरथरत बसला. भीतीनं त्यानं तिथेच केलं. आम्हाला पत्ता नाही. रात्री दोनच्या सुमारास सौ. पाणी प्यायला उठली. माझी झोप मोडू नये म्हणून तिनं लाइट लावला नाही. पाय घसरला, डावा हात खाली टेकला. दुसऱ्या दिवशी यवतमाळला जाऊन एक्स-रे काढला. मनगटाच्या हाडाला चीर. सहा आठवडे प्लास्टर.

मुलाचा फोन आला. ‘‘बाबा, या वयात हे काय सुरू केलं? उद्याच्या उद्या ते पिल्लू सोडून या.’’ त्याचं काही चुकलं नव्हतं. मनगटावर निभावलं. खुब्याचं हाड मोडलं असतं तर? आपल्या वयात पडणं म्हणजे काय असतं ते इथे बसलेल्या पुष्कळांना माहीत आहे. मी दूधवाल्याला निरोप दिला, सोमवारी येऊन घेऊन जा.

त्या संध्याकाळी सौ. प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून बसली होती. म्हणाली, ‘‘सोडायचं तर सोडा, पण माझ्या हाताचं निमित्त सांगू नका. लाइट मी लावला नाही. अन् त्याला पेपरानं मारून मारून पलंगाखाली लपून करायला तुम्ही शिकवलं. ते आधी असं लपत नव्हतं, समोर करत होतं.’’

मी गप्प झालो. कारण ते खरं होतं. मार खाऊन पिल्लू ‘घरात करायचं नाही’ असं शिकत नाही. ‘या माणसासमोर करायचं नाही’ एवढंच शिकतं. मग ते बाहेर अंगणातही आपल्यासमोर करत नाही, आणि घरात आलं की कोपरा शोधतं. माझ्याच शिस्तीनं माझी बायको पडली होती. सोमवारी दूधवाला आला तेव्हा मी त्याला चहा पाजून परत पाठवला.

दुसऱ्या दिवशी मोत्याला घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. नागपूरला १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, २००० साली तिथेच पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठ झालं. तरी आपण बैलाला डॉक्टर बोलावतो, गाईला बोलावतो, कुत्र्याला मात्र बोलावत नाही. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, लसींच्या तारखा लिहून दिल्या. पिसाळण्याची लस तिसऱ्या महिन्यात, मग तिचा पुढचा डोस चुकवायचा नाही, असं बजावून सांगितलं. मग माझं रडगाणं ऐकून हसले. म्हणाले, ‘‘साहेब, दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला अजून धरून ठेवताच येत नाही. जितके महिने वय, त्यात एक मिळवा. जागेपणी फार तर तेवढे तास. त्याच्या आत तुम्ही त्याला बाहेर नेलं नाही, तर चूक कुणाची?’’

हे माझ्या डोक्यात लगेच बसलं, कारण हे मुदतीचं गणित होतं. मुदत आपल्याला माहीत असताना हप्त्याची आठवण करून द्यायची नाही आणि खातं थकलं म्हणून खातेदाराला झोडपायचं, असा तो प्रकार.

त्या दिवशी मी घरी येऊन एक वही घातली. वर लिहिलं, ‘मोत्याची रोजकीर्द’. रकाने पाडले: उठला, जेवला, पाणी, सू, शी, जागा, शेरा. आठ दिवस वेळ टाकून नोंदी केल्या. सौ. हसत होती. पण आठव्या दिवशी वही वाचली तर सगळं स्पष्ट. झोपेतून उठला की लगेच. जेवण झालं की पाच ते वीस मिनिटांत. खेळून थांबला की पुन्हा. आणि करण्याआधी तो नाक जमिनीला लावून गोल फिरतो. इतके दिवस तो मला सांगत होता, मी वाचत नव्हतो.

त्यावरून वेळापत्रक ठरवलं. जेवण ठरलेल्या वेळी, तीनदा. ताट पंधरा मिनिटांनी उचलायचं. उठल्यावर, जेवल्यावर, खेळल्यावर आणि झोपण्याआधी बाहेर. नेहमी त्याच एका जागी, कंपाउंडच्या कोपऱ्यातल्या कडुनिंबाखाली. सुरुवातीला रात्री एकदा उठावं लागायचं. तसं मला या वयात दोनदा उठावंच लागतं, म्हणजे जादा खर्च काही नव्हता.

बाहेर केलं की तिथल्या तिथे शाबासकी आणि फुटाण्याएवढा उकडलेल्या अंड्याचा तुकडा. घरात आल्यावर नाही. पावती काउंटरवरच फाडायची असते. दोन मिनिटं उशीर झाला तरी बक्षीस कशाचं ते पिल्लाला कळत नाही. घरात करताना दिसला तर ओरडायचं नाही, टाळी वाजवून लक्ष वेधायचं आणि उचलून बाहेर न्यायचं. मागाहून दिसलं, तर मुकाट्यानं पुसायचं. तो व्यवहार संपला. आधी कागदानं टिपायचं, मग पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून पुसायचं. वास मोडणारी खास औषधंही मिळतात, ती जास्त चांगली.

पहिला महिना त्याला स्वयंपाकघराबाहेरच्या पॅसेजपुरतंच ठेवलं, दोन्हीकडे आडवी फळी लावून. झोपायला पुठ्ठ्याचा खोका आणि माझं जुनं स्वेटर. कुत्रं सहसा आपल्या झोपायच्या जागी घाण करत नाही, त्यामुळे जागा लहान असली की ते धरून ठेवायला शिकतं. पण कोंडून तासन्‌तास ठेवायचं नाही. घरातला एकेक भाग त्याला वागणूक बघून मोकळा केला. क्रेडिट लिमिट आपण तशीच वाढवत होतो.

आता घंटेची गोष्ट. माझ्या वडिलांच्या बैलाच्या गळ्यातली घुंगराची माळ मी जपून ठेवली आहे. पोळ्याला ती फक्त पुसून ठेवायची, बैल आता कुठे आहेत? ती माळ मी मागच्या दाराला खाली बांधली. बाहेर नेताना दर वेळी मोत्याचा पंजा त्या घुंगरांना लावायचो, माळ वाजली की दार उघडायचो. पाव्लोव्ह नावाचे एक रशियन शास्त्रज्ञ होते, त्यांना १९०४ साली नोबेल मिळालं. ठरावीक खूण झाली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हे त्यांनी दाखवलं. आमच्या घरी उलटं झालं. तीन आठवड्यांनी भर दुपारी माळ वाजली. मी पेपर वाचत होतो. पुन्हा वाजली. बघतो तर मोत्या दाराशी, पंजा वर. त्यानं घंटा वाजवली आणि मी पळत सुटलो. रोजकीर्दीत त्या दिवशी शेरा लाल शाईनं लिहिला आहे.

सगळं एकदम सुरळीत झालं असं समजू नका. पाच महिन्यांपर्यंत अधूनमधून चुकायचाच. पावसाळा लागला तर बाहेर जायला तयार नाही. दारात उभा राहून माझ्याकडे बघायचा. मग मी छत्री घेऊन कडुनिंबाखाली, छत्री त्याच्या डोक्यावर, मी भिजलेला. हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी खिडकीतून बघितलं आहे, मला हसण्याचे आवाज आले होते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. तेव्हा फेरी पहाटे आणि रात्री. डांबरावर हाताचा उलटा पंजा पाच-सात सेकंद ठेववत नसेल, तर त्याचे पायही भाजतात. आणि घरात सू करतो म्हणून विदर्भाच्या उन्हाळ्यात पिल्लाचं पाणी कधीही तोडू नका.

त्याच्या अंगातल्या उड्यांचं काय करायचं, हाही प्रश्न होता. मी त्याच्यामागे धावू शकत नाही. नोव्हेंबरात त्यानं माझ्या हयातीच्या दाखल्याचा फॉर्म फाडून खाल्ला. सौ. म्हणाली, ‘‘बघा, आता तुम्ही हयात आहात हे त्यालाच विचारावं लागेल.’’ उपाय असा सापडला की पायांऐवजी नाक आणि डोकं दमवायचं. त्याच्या जेवणातले दाणे अंगणात गवतात पसरून द्यायचे, शोधत बसतो. जुन्या टॉवेलला गाठी मारून ओला करून चावायला द्यायचा. दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटं ‘बस’, ‘थांब’, ‘ये’. पंधरा मिनिटं डोकं चालवलं की दोन तास झोपतो. दमलेलं आणि वेळेवर झोपणारं पिल्लू घरात चुकाही कमी करतं.

आपल्या वयाच्या लोकांसाठी चार गोष्टी मुद्दाम सांगतो. एक, रात्री पॅसेजमध्ये झीरोचा दिवा कायम सुरू ठेवा आणि घरातही रबरी तळव्याच्या चपला घाला. दोन, पट्ट्याची दोरी मनगटाला गुंडाळू नका. पिल्लानं झटका दिला तर तुम्हीच आडवे. तीन, वाकू नका, लांब दांड्याची सुपली घ्या. चार, पिल्लाचे दात सुईसारखे असतात आणि आपली कातडी पातळ झालेली असते. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, तर साधा ओरखडाही बराच वेळ वाहतो. तो चावायला लागला की हात झटकू नका, खेळ थांबवून स्तब्ध उभे राहा. खेळ थांबतो हे त्याला लवकर कळतं. आणि कुठल्याही कुत्र्याचा दात लागला तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन लगेच दवाखान्यात जा. यात हयगय नको. जाता जाता आणखी एक, प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे, कांदा आणि चॉकलेट मोत्याला कुणी देऊ नका. प्रेमानं देता, पण त्याला ते विष आहे.

आता एक नाजूक विषय. मोत्या चार महिन्यांचा असताना फाटक उघडं राहिलं आणि तो शेजारी गेला. वहिनींनी सडा टाकून नुकतीच रांगोळी काढली होती. त्यांनी मला हाक मारली, ‘‘काकाजी, बघा न तुमच्या मोत्यानं काय केलं! माह्या दारातच भेटली त्याले जागा?’’ नंतर एका सभेत सोसायटीत कुत्री पाळायला बंदी करावी, असा मुद्दाही निघाला. मी घरी येऊन कायदा शोधला. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सापडल्या. बहुमतानंही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं त्यात आहे. मी तो कागद खिशात घालून पुढच्या सभेला निघालो होतो. सौ.नं विचारलं, ‘‘त्या कागदानं वहिनींची रांगोळी परत येणार काय?’’

कागद मी घरीच ठेवला. वहिनींची माफी मागितली, फाटकाला स्प्रिंग बसवली. त्याच सूचनांमध्ये मालकानं आपल्या कुत्र्याची घाण उचलावी, असंही म्हटलं आहे. म्हणून माझ्या खिशात आता कायम जुने पेपर आणि सुपली असते. वहिनींना कुत्री आवडत नाहीत, आजही आवडत नाहीत. त्यांना तो हक्क आहे. पण बंदीचा मुद्दा पुढे आला नाही.

शेवटचं बोलतो आणि थांबतो. नीट सांभाळलं तर गावठी कुत्रं बारा-चौदा वर्षं सहज जगतं. मी आज चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. ही बेरीज बँकेतल्या माणसाला करता यायला हवी होती. मी ती पिल्लू घरात घेताना केली नाही, सौ. पडल्यानंतर केली. आयुष्यभर मी खातेदारांना सांगत आलो, नॉमिनीचा रकाना रिकामा ठेवू नका. लोक चिडायचे. ‘‘साहेब, एवढ्यात मारता काय आम्हाला?’’ म्हणायचे. मोत्याच्या बाबतीत मीच तो रकाना रिकामा ठेवला होता.

आपल्या समोरच्या घरातला नववीतला मुलगा रोज संध्याकाळी मोत्याला फिरवतो. त्याच्या आईवडिलांना मी घरी चहाला बोलावलं आणि स्पष्ट विचारलं. त्यांनी दोन दिवस मागून घेतले, आपसात बोलले आणि हो म्हणाले. मुलालाही फोनवर सांगितलं. तो म्हणाला, ‘‘बाबा, खर्च मी देईन.’’ रोजकीर्दीच्या पहिल्या पानावर आता मोत्याची लसीची कार्डं, जेवणाच्या वेळा, त्याला कळणारे शब्द आणि त्या घराचं नाव लिहून ठेवलं आहे. मी दवाखान्यात भरती झालो, तरी कुणाला काही विचारावं लागणार नाही.

इथे कुणाला एकटं वाटत असेल आणि पिल्लू आणायचा विचार असेल, तर मी आणा किंवा आणू नका, दोन्ही म्हणणार नाही. मला आज पुन्हा ठरवायचं असतं, तर मी दोन-तीन वर्षांचं, शांत, कुणाला नको झालेलं कुत्रं घेतलं असतं. तेही शिकतं आणि रात्री उठवत नाही. पण पिल्लूच आणायचं असेल, तर आधी वही आणा, पॅसेजमध्ये दिवा लावा आणि नॉमिनी ठरवा. पिल्लू त्यानंतर.

सौ.चं मनगट आता ठीक आहे, पोळ्या लाटते. थंडीत थोडं दुखतं. दुखलं की ती मोत्याकडे नाही, माझ्याकडे बघते. रोजकीर्द मी अजून लिहितो, पण आता ‘जागा’ या रकान्यात रोज एकच नोंद असते, कडुनिंब.

सचिव मघापासून घड्याळ दाखवत आहेत. साडेआठ होत आले, घरी माळ वाजायची वेळ झाली. आर्थिक नियोजनावर पुढच्या वर्षी बोलेन.